नाकतोड्याचा तुटलेला पाय आणि न तुटलेल्या चेतापेशी

गवतकाडी

नाकतोड्याला मागच्या तंगडीने पकडलं की तंगडी आपल्या चिमटीत राहते आणि नाकतोडा पसार होतो. ती उपटली जात नाही, तो ती सोडून देतो. मांडीच्या बुडाशी त्यासाठी एक ठरलेली जागा असते. तिथून एकही स्नायू आरपार जात नाही, म्हणून सुटताना मांस फाटत नाही की फारसं रक्त सांडत नाही. तुटते ती तंगडीत उतरणारी मुख्य नस, म्हणजे चेतातंतूंची जुडी. प्रयोगशाळेच्या बोलीत तिला एन-फाइव्ह म्हणतात.

नस तुटली, तंगडी गेली, विषय संपला असं कुणालाही वाटेल. पण १९९१ साली अर्बास आणि वाइडनर यांनी बॅरिटेटिक्स जातीच्या नाकतोड्यांबद्दल एक चमत्कारिक गोष्ट छापली. तंगडी टाकल्यावर त्यांच्या छातीतले काही ठरावीक स्नायू वाळत गेले. हे स्नायू तुटण्याच्या जागेच्या अलीकडचे. त्यांना इजा झालेली नाही, आणि त्यांच्याकडे जाणाऱ्या मोटर न्यूरॉनचे, म्हणजे स्नायूंना हलवणाऱ्या चेतापेशींचे, तंतूही शाबूत आहेत. तंगडी जागेवर ठेवून नुसती एन-फाइव्ह कापली तरी तेच. घाव एका नसेवर बसला आणि हातपाय गाळले भलत्याच चेतापेशींनी.

हा धागा त्या मधल्या भानगडीबद्दल आहे: नसेला इजा झाली की कीटकाच्या मोटर न्यूरॉनच्या जोडण्यांचं, म्हणजे सायनॅप्सचं, काय होतं? माझं रोजचं काम टोळांवर चालतं, त्यामुळे टोळांना झुकतं माप मिळेल. झुरळ आणि फळमाशी ओघाने येतीलच.

आधी ही पेशी दिसते कशी ते बघू. माणसाच्या मोटर न्यूरॉनची पेशीकाया, म्हणजे केंद्रक असलेला मुख्य भाग, मज्जारज्जूत असते आणि तिच्या अंगावर, फांद्यांवर, सगळीकडे हजारो सायनॅप्स चिकटलेले असतात. कीटकात ही पेशीकाया गँग्लिऑनच्या (चेतापेशींच्या गाठीच्या) सालीत, कडेला बसते आणि तिच्यावर सायनॅप्स जवळपास नसतातच. तिच्यातून एकच देठ आत उतरतो, आतल्या गुंत्यात त्याला फांद्या फुटतात आणि येणारे सगळे निरोप त्या फांद्यांवर येतात. तोच देठ पुढे ॲक्सॉन, म्हणजे लांब तंतू, होऊन स्नायूकडे निघतो. विजेचा ठोका, म्हणजे स्पाइक, त्या देठाच्या पुढच्या भागात उठतो. पेशीकायेपर्यंत त्याची जेमतेम थरथर येते. काचेची सुई पेशीकायेत टोचून बसलं की पडद्यावर बहुतेकदा एक खुजा उंचवटा दिसतो, आणि नवीन आलेल्या विद्यार्थ्याला वाटतं सुई नीट लागली नाही.

दुसरी सोय म्हणजे पेशींची संख्या. टोळाच्या मागच्या पायाची नडगी सरळ करणाऱ्या स्नायूला उत्तेजन देणाऱ्या फक्त दोन पेशी आहेत, एक वेगवान आणि एक संथ. शिवाय एक दाबणारी आणि एक ऑक्टोपामिन नावाचं रसायन सोडणारी. वाकवणाऱ्या स्नायूकडे नऊएक उत्तेजक. त्यामुळे टोळ बदलला तरी 'तीच ती पेशी' पुन्हा सापडते. माणसाच्या पायाबद्दल असं बोलताच येत नाही.

आता नस कापली. तुकड्याच्या बाहेरच्या टोकाला, स्नायूवर, काय होतं ते तुलनेने सरळ आहे. कीटकांच्या स्नायूवर मोटर न्यूरॉन ग्लुटामेट हे निरोप पोचवणारं रसायन सोडतात (आपल्याकडे तिथे ॲसिटिलकोलीन असतं). तुटलेला तुकडा काही काळ तग धरतो, मग टोकांकडून निरोप जाणं बंद पडतं आणि तंतूचे तुकडे होतात. हे मोडणं ऑगस्टस वॉलर यांनी १८५० मध्ये बेडकाच्या नसेत पाहिलं होतं, म्हणून त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. टोळात याला किती वेळ लागतो हे तापमानावर आणि तुकडा किती लांब राहिलाय यावरही ठरतं.

गंमत आतल्या टोकाला आहे. १९६५ साली मेल्विन कोहेन आणि जॉन जॅकलेट यांनी झुरळाच्या पायाच्या नसा कापल्या आणि दोन-एक दिवसांत पेशीकायेत केंद्रकाभोवती आरएनएचं दाट कडं तयार झालेलं पाहिलं. प्रथिनांचा कारखाना जुंपला गेल्याची ही खूण. त्यांनी तिचा असा चलाखीने उपयोग केला की मला आजही हेवा वाटतो: एक नस कापा, मग कुठल्या पेशींत कडं उमटलं ते बघा. त्या नसेत कुणाचे तंतू होते हे आपोआप कळलं. अशा रीतीने गँग्लिऑनचा नकाशा तयार झाला.

आणि मग १९७२. पिटमन, ट्वीडल आणि कोहेन यांनी ॲक्सॉन कापल्यावर काही दिवसांनी झुरळाच्या पेशीकायेत सुई घातली. एरवी स्पाइक न देणारी पेशीकाया चक्क पूर्ण उंचीचे स्पाइक देऊ लागली होती. पुढे तर अजून मजा. नस न कापता नुसतं कोल्चिसिन दिलं तरी तोच परिणाम. कोल्चिसिन पेशीतल्या सूक्ष्मनलिका मोडतं, म्हणजे पेशीकायेतून ॲक्सॉनकडे होणारी मालवाहतूक थांबते. पिटमन यांनीच १९७५ मध्ये दाखवलं की हे नवे स्पाइक सोडियमवर चालतात. तात्पर्य काढायचं तर असं, की 'इजा झाली' ही बातमी पेशीला मिळायला जखमच लागते असं नाही. वाहतूक तुंबली तरी पुरतं, आणि जे सोडियम चॅनल (सोडियम आत सोडणारी दारं) एरवी पुढे रवाना झाले असते ते बहुधा मागेच साचतात.

फांद्यांचं काय? त्याच तिघांचं १९७३ चं काम सांगतं की ॲक्सॉन कापून, इतकंच काय येणाऱ्या संवेदी नसा कापूनही, झुरळाच्या मोटर न्यूरॉनच्या फांद्यांची ठेवण टिकून राहते. कोबाल्ट भरून रंगवलेल्या पेशी शेजारीशेजारी ठेवल्या तर कुठली जखमी हे नुसतं बघून सांगणं कठीण.

माझं मत, वाद घालायचा असेल तर घाला: या विषयावरच्या लोकप्रिय लेखांत 'रिवायरिंग' हा शब्द फार उधळला जातो. मोठ्या प्रौढ कीटकात इजेनंतर जे बदलतं त्यातला बराच भाग तारा नव्याने ओढण्याचा नसतो. तारा जुन्याच, त्यांचं वजन बदलतं, आणि निरोप घेणाऱ्या पेशीचा स्वभाव बदलतो. चित्रात काहीच दिसत नाही म्हणून काही झालंच नाही, असं समजायची चूक त्यामुळेच होते.

---

चहाबाज

मस्त. पण पेशीकायेवर सायनॅप्स नाहीत, तिच्यात स्पाइक नाही, तर ती नुसती बसून करते काय?

---

गवतकाडी

@चहाबाज, स्वयंपाकघर सांभाळते. केंद्रक तिथे, प्रथिनं तिथे तयार होतात. संदेशांचं काम देठावर आणि फांद्यांवर चालतं. म्हणून तर इजेनंतर ती अचानक बोलायला लागते हे एवढं धक्कादायक होतं.

---

डॉ_कंपाउंडर

गवतकाडीताई, आमच्या बाजूची एक गोष्ट जोडतो. उंदरांच्या चेहऱ्याची नस कापल्यावर ब्रेनस्टेममधल्या, म्हणजे मेंदूच्या देठातल्या, मोटर न्यूरॉनच्या अंगावरचे सायनॅप्स अक्षरशः सोलून काढले जातात, हे ब्लिन्झिंगर आणि क्रॉइट्झबर्ग यांनी १९६८ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. मायक्रोग्लिया नावाच्या साफसफाई करणाऱ्या पेशी मध्ये घुसतात आणि सायनॅप्सची टोकं बाजूला सारतात. तुमच्या झुरळात याचं काही समांतर आहे का?

आणि एक दवाखान्यातली बाब. हाताची नस शिवून, ती वाढून, स्नायू परत हलायला लागलेले पेशंट आम्ही बघतो. वाढीचा वेग ढोबळमानाने दिवसाला मिलिमीटरभर. ताकद येते, पण हालचालीत सफाई येत नाही. डोळे मिटून काम सांगितलं की गडबडतात. मांजर आणि उंदरांवरच्या कामात याचं एक कारण सापडलंय: स्नायूच्या ताणाची बातमी आणणारे तंतू परत स्नायूपर्यंत पोचतात, पण मज्जारज्जूत मोटर न्यूरॉनवर असलेले त्यांचे सायनॅप्स कायमचे गेलेले असतात. ताणाचा रिफ्लेक्स परत येत नाही. बाहेर दुरुस्ती झाली, आत झाली नाही.

---

गवतकाडी

डॉक्टर, हे फार महत्त्वाचं, मूळ लेखात घ्यायला हवं होतं इतकं.

समांतर अर्धवट आहे. सोलायला पेशीकायेवर सायनॅप्सच नाहीत, त्यामुळे तुमचं ते चित्र कीटकात तसंच्या तसं दिसणं शक्य नाही. मायक्रोग्लियाही नाहीत. पण ग्लिया, म्हणजे चेतापेशींना सांभाळणाऱ्या पेशी, आहेत, आणि फळमाशीत त्या मोडलेल्या ॲक्सॉनचा कचरा गिळतात. त्यासाठी त्यांच्या अंगावर ड्रेपर नावाचं प्रथिन लागतं. ते नसेल तर कचरा तसाच पडून राहतो. म्हणजे साफसफाईची माणसं वेगळी, काम तेच.

दुसऱ्या मुद्द्याबद्दल: अर्बास-वाइडनरच्या नाकतोड्यांत नेमकी हीच बाजू आहे असं मला वाटतं. एन-फाइव्ह मिश्र नस आहे. तिच्यातून मोटर तंतू बाहेर जातात तसे संवेदी तंतू आत येतात. गुडघ्याच्या कोनाची बातमी देणारा कॉर्डोटोनल अवयव, कवचावरचा दाब मोजणाऱ्या घुमट्या, केस, सगळ्यांचे. टोळात कॉर्डोटोनल अवयवातले तंतू थेट, मध्ये कुणी दलाल न ठेवता, मोटर न्यूरॉनवर सायनॅप्स करतात. नस कापली की ही सगळी आवक एका क्षणात बंद. छातीतल्या स्नायूच्या मोटर न्यूरॉनचा ॲक्सॉन शाबूत असेल, पण तिच्या फांद्यांवर बोलणारे निम्मे लोक गप्प झाले. ती गप्प बसली की तिचा स्नायू वाळतो. इजा सायनॅप्स ओलांडून पुढच्या पेशीत गेली.

---

वऱ्हाडी_ठेचा

आमच्या अमरावतीकडं २०२० च्या मे महिन्यात टोळधाड आली होती, तवा थाळ्या वाजवून वाजवून हात दुखले. तेच टोळ का हे तुमचे? मले एक सांगा, पंखाले मार लागला तर टोळ उडणं सोडते का? आम्ही तर फांद्यांनी झोडपलं तरी उठून उडत होते साले.

---

गवतकाडी

@वऱ्हाडी_ठेचा, मी जे टोळ पाळते ते वेगळ्या पिंजऱ्यातले, पण हो, तुमच्याकडे आलेला वाळवंटी टोळ या शास्त्रातला जुना गडी आहे. आणि तुमच्या प्रश्नावर तर एक अख्खी लेखमाला आहे.

टोळाच्या प्रत्येक पंखाच्या बुडाशी टेग्युला नावाचा एक बारकासा केसाळ उंचवटा असतो. पंख खाली आला की तो संदेश पाठवतो, 'आता वर घे', आणि पंख उचलणाऱ्या मोटर न्यूरॉन जाग्या होतात. हे काम मुख्यतः मागच्या पंखांच्या टेग्युला करतात. पुढच्या पंखांच्या टेग्युलांचं वजन एरवी कमी.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आन्सगार ब्युशगेस आणि कीर पिअर्सन यांनी मागच्या दोन्ही टेग्युला काढून टाकल्या. लगेच पंखांची गती मंदावली, पंख खाली आल्यावर वर जायला उशीर होऊ लागला. टोळ उडतो, पण जड. मग त्यांनी वाट पाहिली. दोनेक आठवड्यांत ठेका जवळजवळ पहिल्यासारखा झाला. काढलेल्या टेग्युला उगवल्या नव्हत्या. तेव्हा त्यांनी पुढच्याही टेग्युला काढल्या आणि सुधारणा गायब. म्हणजे भार पुढच्यांनी उचलला होता.

हॅराल्ड वुल्फ आणि ब्युशगेस यांचं १९९७ चं काम याच्याही आत जातं. सुई मोटर न्यूरॉनमध्ये घालून त्यांनी पुढच्या टेग्युलाच्या तंतूंची जोडणी तपासली आणि ती बळावलेली सापडली. ज्या मोटर न्यूरॉन आणि मधल्या पेशींवर पूर्वी मागच्या टेग्युलाचा जोर चालायचा तिथे आता पुढच्यांचं चालू लागलं. त्यातल्या काही तंतूंना नवे फाटेही फुटलेले दिसले, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं, कारण वर मी रिवायरिंगवर तोंडसुख घेतलंय.

---

चहाबाज

म्हणजे रोजचा दूधवाला बंद झाला तर जो दुसरा आधीपासून अर्धा लिटर टाकायचा, त्यालाच रतीब वाढवायला सांगितला. नवा दूधवाला शोधला नाही.

---

गवतकाडी

अगदी. आणि दुसरा रतीब नसता, तर काय झालं असतं हा खरा प्रश्न.

---

पिंपळपान

त्याचं उत्तर रातकिड्यांत आहे ना? रॉन हॉय आणि मंडळी, १९८५. रातकिड्याचे कान पुढच्या पायांत असतात. पिल्लू असतानाच एक पुढचा पाय काढला, तर त्या बाजूच्या ऐकणाऱ्या चेतापेशीच्या फांद्या, ज्या एरवी कधीही मध्यरेषा ओलांडत नाहीत, त्या पलीकडे गेल्या आणि दुसऱ्या कानाच्या तंतूंशी जोडल्या गेल्या. आणि जोडणी नुसती दिखाऊ नव्हती, पेशी त्या कानाने ऐकायलाही लागली. याला रिवायरिंग म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं? गवतकाडी, तुमचं सर्वसामान्य विधान मला पटलेलं नाही.

---

गवतकाडी

याला रिवायरिंगच म्हणायचं, हरकत नाही. दोन गोष्टी मात्र लक्षात घ्या. ती मधली चेतापेशी आहे, मोटर न्यूरॉन नाही. आणि जनावर पिल्लू होतं. नंतर प्रौढ रातकिड्यांतही असं फुटणं दिसलंय, तेव्हा वयाचा मुद्दा मी फार ताणणार नाही. पण तुलना करा: त्याच कीटकवर्गात झुरळाची मोटर न्यूरॉन आवक तोडली तरी फांदी हलवत नाही, आणि रातकिड्याची ऐकणारी पेशी कुंपण ओलांडते. 'कीटकाची चेतासंस्था लवचीक आहे की ताठर' असा प्रश्न विचारूनच उपयोग नाही, कुठली पेशी ते विचारावं लागतं.

---

अळीमिळी

उशिरा आले. मी फळमाशीच्या अळ्यांवर काम करते, तर ती बाजू मांडते. (अवांतर: भारतात फळमाशीच्या चेतासंस्थेचा अभ्यास रुजला तो मुंबईत, कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत), ओबेद सिद्दीकींच्या गटात. नंतर ते बंगळूरला गेले.)

आमच्याकडे नस कापत नाहीत, चिमटतात. तिसऱ्या अवस्थेतली अळी, जी कोषात जायच्या आधी बाटलीच्या भिंतीवर चढते ती, कार्बन डायऑक्साइडने गुंगवायची. उताणी करून पोटाच्या कातडीवरूनच, आत चेतारज्जूतून मागे जाणाऱ्या नसा जिथे जुडीने असतात तिथे, बारीक टोकाच्या चिमट्याने दाबायचं. कातडी फुटता कामा नये. जमलं तर अळी उठल्यावर पुढचा अर्धा भाग सरपटतो आणि मागचा अर्धा फरफटत येतो. न जमलेल्या अळ्या नीट चालतात किंवा मरतात, म्हणजे निवडायचं काम सोपं. मग तिला द्राक्षाच्या रसाच्या आगर-जेलीवर सोडून वाट बघायची.

२०१० मध्ये कॅथरीन कॉलिन्स यांच्या मिशिगनच्या गटाने याच पद्धतीने दाखवलं की इजा झाली की ॲक्सॉनमध्ये वॅलेंडा नावाचं काइनेज (इतर प्रथिनांना चालू-बंद करणारं प्रथिन) वाढतं, आणि ती खबर ॲक्सॉनवरून उलट केंद्रकापर्यंत जाऊन तिथली जनुकं चालू होतात. एरवी हायवायर नावाचं दुसरं प्रथिन वॅलेंडाला सतत मोडत असतं, म्हणून ते कमी राहतं. वॅलेंडा नसेल तर उरलेल्या टोकाला नवे कोंब फुटत नाहीत.

धाग्याच्या विषयाशी थेट जोडणारा भाग पुढे आहे. हायवायर काढून टाकलं तर, कसलीही इजा नसताना, स्नायूवरचे सायनॅप्स बेसुमार वाढतात, बारक्या बारक्या गोळ्यांची झुडपं होतात, आणि तरी प्रत्येक ठोक्याला निरोप मात्र कमी जातो. वाढ वॅलेंडामुळे होते, निरोपाची घट मात्र बरीचशी त्याच्याशिवायही होते. एकाच रेणूच्या हातात इजेची घंटा आणि सायनॅप्सची वाढ दोन्ही. त्यामुळे जखमी मोटर न्यूरॉनचे सायनॅप्स बदलतात याचं मला आश्चर्य वाटत नाही, बदलले नसते तर वाटलं असतं.

अजून एक: आधी एकदा चिमटलेला ॲक्सॉन नंतर पुन्हा तोडला तर तो तुकडा जास्त टिकतो. तेही वॅलेंडामार्गेच. कॉलिन्स यांचंच २०१२ चं काम.

---

तिरकस_तात्या

वा. जनतेच्या पैशातून किड्यांना चिमटे काढण्याचा पगार मिळतो हे आज कळलं. आमच्या घरात झुरळांवर रोज प्रयोग होतात, चपलेने. कुणी शोधनिबंध छापत नाही.

बरं, त्या बिचाऱ्यांना दुखत असेल याचा कुणी विचार केला का?

---

अळीमिळी

तात्या, चपलेच्या प्रयोगात नियंत्रण गट कुठे आहे?

पैशाचं: २०१२ मध्ये मार्क फ्रीमन यांच्या गटाने अशा माश्या शोधल्या ज्यांच्यात तुटलेला ॲक्सॉन मोडतच नाही, आठवडेच्या आठवडे पेशीकायेविना तसाच उभा. दोष सापडला डीसार्म नावाच्या जनुकात. तेच जनुक उंदरात आणि आपल्यातही आहे, सार्म-१. म्हणजे तुटलेला तंतू उपासमारीने मरत नाही, त्याला आतून मारलं जातं. आज केमोथेरपीत आणि काही चेताविकारांत नसा वाचवण्यासाठी सार्म-१ रोखणाऱ्या औषधांवर काम चालू आहे. सुरुवात माशीत झाली.

दुखण्याचं: अळीला इजा नकोशी असते, तापलेली सळई लागली की ती गिरक्या घेत लोळते, हे नक्की. ती 'सहन' करते का, हे मला तुम्हाला सांगता येणार नाही. गुंगी दिल्याशिवाय आम्ही चिमटत नाही.

---

डॉ_कंपाउंडर

हे डीसार्मचं ऐकून एक विचारतो. तुकडा मेलाच नाही तर वाढणारं टोक त्याला जाऊन सरळ जोडून का घेत नाही? आमचं अर्धं काम वाचेल.

---

गवतकाडी

काही प्राणी घेतात. क्रेफिशमध्ये (हा झिंग्यासारखा गोड्या पाण्यातला प्राणी) मोटर ॲक्सॉनचा तुटलेला तुकडा महिनोन्महिने जिवंत राहतो, आणि आतून वाढलेलं टोक त्याच्याशी जुळून एक होऊ शकतं, हे १९६७ सालापासून माहीत आहे. तसं झालं तर स्नायूवरचे जुने सायनॅप्स आहेत तसे परत कामाला लागतात. कीटकांत मात्र सामान्यतः तुकडा जातो आणि टोकाला सगळा रस्ता नव्याने चालावा लागतो.

आणि तो रस्ता ती टोकं बऱ्यापैकी बरोबर चालतात. पिअर्सन आणि ब्रॅडली यांनी १९७२ मध्ये झुरळाच्या पायाच्या नसेला इजा करून नंतर पाहिलं तर उत्तेजक मोटर न्यूरॉन आपापल्या जुन्या स्नायूंवरच परतल्या होत्या. वेगवान पेशी तिच्या स्नायूवर, संथ तिच्या. इतरांच्या कामातून पुढे दिसलं की सुरुवातीला काही फाटे भलत्याच स्नायूंत शिरतात आणि मागाहून ते काढून घेतले जातात. तुमच्या पेशंटमध्ये डोळा मिचकावला की ओठ हलतो तसलं प्रकरण इथे थोडे दिवसच टिकतं म्हणायचं.

---

पिंपळपान

मूळ मुद्द्यावर परत. आतले सायनॅप्स, म्हणजे मोटर न्यूरॉनवर येणारे किंवा तिने आतच दुसऱ्या कुणावर केलेले, थेट मोजायचे कसे? नस कापलेल्या पेशीला शोधायचं कसं इथूनच सुरुवात.

---

गवतकाडी

यासाठी टोळाने एक आयती जागा दिली आहे. नडगी सरळ करणारी जी वेगवान मोटर न्यूरॉन आहे, फेटी म्हणू, ती गँग्लिऑनच्या आतच नडगी वाकवणाऱ्या पेशींना थेट उत्तेजन देते. हॉइल आणि बरोज यांनी १९७३ मध्ये हे दाखवलं. ऐकायला वेडेपणा वाटतो, कारण स्वतःच्या विरोधकाला कोण मदत करतं? पण टोळ लाथ मारतो तेव्हा आधी नडगी पूर्ण दुमडून दोन्ही स्नायू एकाच वेळी आवळतो, कवचात ताण साठवतो आणि मग वाकवणारे एकदम सोडतो. आवळून धरण्याच्या काळात ही जोडणी कामी येते.

प्रयोगाच्या दृष्टीने सोय अशी: दोन बारीक तारा मांडीतल्या स्नायूत घालायच्या आणि तिथून ठोका द्यायचा. स्पाइक फेटीच्या ॲक्सॉनवरून उलटा गँग्लिऑनपर्यंत चढतो, आणि वाकवणाऱ्या पेशीत सुई असेल तर लगेच एक उंचवटा दिसतो. एक सायनॅप्स, दोन्ही बाजू ओळखीच्या. लागोपाठ ठोके दिले की तो उंचवटा झपाट्याने बसतो, त्यामुळे ठोक्यांमध्ये भरपूर विश्रांती द्यावी लागते. घाईगडबडीत घेतलेल्या नोंदींत इजेचा परिणाम आणि दमलेला सायनॅप्स यांत फरक करता येत नाही. आमच्याकडच्या बऱ्याच संध्याकाळी या एकाच कारणाने वाया गेल्यात.

नस कापल्यावर हा उलटा रस्ता अर्थातच बंद. मग फेटीच्याच पेशीकायेत दुसरी सुई घालून तिला आतून जागं करावं लागतं. आणि इथे पिटमनचं भूत परत येतं: जखमी पेशीचे स्पाइक बदललेले असू शकतात. वाकवणाऱ्या पेशीतला उंचवटा मोठा दिसला तर सायनॅप्स बळावला, की वरून येणारा स्पाइकच मोठा झाला? दोन्ही बाजूंना एकाच वेळी सुया ठेवल्याशिवाय यावर बोलू नये असं माझं मत आहे. दुसरी पळवाट म्हणजे फेटीला हात न लावता वाकवणाऱ्या पेशींची नस कापायची. तेव्हा उलटा रस्ता चालू राहतो आणि जखम फक्त घेणाऱ्या बाजूला असते.

---

काळी_तीन

मी अकरावीला जीवशास्त्र शिकवतो. झुरळ आमच्या अभ्यासक्रमातच आहे, त्यामुळे हा धागा वर्गात वापरणार, आगाऊ आभार. मुलं हमखास विचारतील ते इथेच विचारून ठेवतो. पिल्लू झुरळाचा पाय तुटला तर कात टाकल्यावर नवा येतो. मग नव्या पायातल्या नसा कुठून येतात? त्या पायासाठी नव्या चेतापेशी जन्मतात का?

---

अळीमिळी

@काळी_तीन, अर्ध्या जन्मतात. कीटकाच्या संवेदी चेतापेशींची पेशीकाया बाहेर, कातडीत असते. नवा पाय तयार होताना तिथल्या कातडीतून नव्या संवेदी पेशी घडतात आणि त्यांचे तंतू आत गँग्लिऑनकडे वाढत जातात. मोटर न्यूरॉन मात्र त्याच जुन्या. त्यांच्या पेशीकाया गँग्लिऑनमध्ये सुरक्षित असतात, फक्त ॲक्सॉन पुन्हा वाढवावा लागतो. म्हणजे नव्या पायात जुन्या मोटर न्यूरॉनशी नव्या कोऱ्या संवेदी पेशींना आत जाऊन सायनॅप्स जुळवावे लागतात.

प्रौढ झुरळ कात टाकत नाही, त्याला पाय परत येत नाही, हेही सांगा. आणि टोळ-नाकतोड्यांना मागची तंगडी पिल्लू असतानाही नीट परत येत नाही, नाहीतर मुलं उद्या बागेतून पुरावा घेऊन येतील.